येतो म्हणून गेला तो

टेपमावशीच्या गळ्यात मापाचा टेप नसलेला दिवस गल्लीत कुणी पाहिलेला नव्हता. सकाळी तोंड धुतलं की आधी टेप, मग चहा. भाजीला गेली तरी टेप गळ्यात. एकदा छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात गेली, तर डॉक्टरांच्या गळ्यात त्यांची नळी आणि हिच्या गळ्यात हिचा टेप. बाहेर बसलेल्या एका म्हातारीने दोघांपैकी हिलाच औषध विचारलं. तिचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं, आणि पुढे पुढे कोर्टातल्या शिपायाला झालं.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेतले मास्तर नव्हेत, कापड बेतणारे. मास्तरांनी बेतायचं आणि मावशीने शिवायचं, अशी चौतीस वर्षं गेली. भांडणंही तशीच वाटून घेतलेली. सुरुवात मास्तर करायचे, शेवटाला मावशी न्यायची. खाली रस्त्याला लागून दुकान, मागे अडगळीची खोली, वर राहायच्या दोन खोल्या, आणि मध्ये सतरा पायऱ्यांचा अरुंद जिना. न्हाणीघर, संडास, सगळं वर.

एका सकाळी मास्तर कोटाचं कापड बेतत होते आणि हातातला खडू पडला. मावशी म्हणाली, "उचला की, का तेही मीच करू?" मास्तरांनी खडूकडे पाहिलं आणि ते टेबलावरच कलंडले.

उजवी बाजू गेली. वाचाही गेली. महिन्याभराने तीन शब्द परत आले. "हो", "च्यायला" आणि "ये". डॉक्टर म्हणाले, असं होतं, रोजच्या तोंडातले शब्द खोल रुतलेले असतात, ते टिकतात. लेक डोळे पुसत म्हणाली, "बाबांचे नेमके हेच तीन राहावेत?"

"संसाराला पुरतात तेवढे," मावशी म्हणाली. "त्यातला 'हो' तर मला चौतीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकायला मिळतोय."

चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला सतरा पायऱ्या चढवणार कशा? लेकीचं घर दोन तासांवर दुसऱ्या गावात, चौथ्या मजल्यावर, पण तिथे लिफ्ट होती आणि दरवाजेही रुंद. लेक म्हणाली, "आई, पंधरा-वीस दिवस बाबांना मी नेते. तोवर तू मागच्या खोलीत बाथरूम करून घे. दार रुंद करून घे, उंबरठा काढून उतार करून घे. मग आणते त्यांना." जावई भला माणूस, पण त्या घरात खोल्या दोनच, आणि नातवाचं दहावीचं वर्ष. पंधरा-वीस दिवस म्हणजे पंधरा-वीस दिवस, हे न बोलता सगळ्यांना कळलेलं होतं.

ठेकेदार आला तो इस्त्रीच्या शर्टात, कानावर पेन्सिल अडकवून. बोलायला इतका गोड की कटिंगच्या टेबलाला मुंग्या लागायच्या. मावशीने विचारलं, "दार चाकाच्या खुर्चीला पुरेल ना?" म्हणाला, "होऊन जाईल मावशी." विचारलं, "पाणी बाहेरच्या गटारापर्यंत नीट जाईल?" "होऊन जाईल." "पंधरा दिवसांत होईल?" "त्याच्या आत होऊन जाईल." त्या दिवसापासून मावशीच्या घरात त्याचं नाव पडलं होऊनजाईल. मागच्या खोलीत तो मध्यभागी उभा राहिला, चारी भिंतींकडे एकेकदा पाहिलं, मान हलवली, आणि झालं. कानावरची पेन्सिल कानावरच राहिली.

मावशीला तेव्हाच खटकलं होतं. आयुष्यभर ज्या बाईने माप घेतल्याशिवाय रुमालाची दुमडसुद्धा घातली नाही, तिच्या नजरेतून हे सुटेल कसं? पण तिने मनाची समजूत घातली की मास्तरसुद्धा माणूस दुकानात शिरता शिरता छाती-कंबर ओळखतात, तसाच हाही नजरेचा पक्का असेल. बोलली नाही. तोंडात सुईसारखे शब्द असलेली बाई, नेमकी त्या दिवशी गप्प बसली.

पहिल्या दिवशी मधली भिंत पडली. दुसऱ्या दिवशी फरशी उखडली आणि नळासाठी चर खणला. तिसऱ्या दिवशी मागच्या दाराची चौकट काढून भिंतीला टेकवून ठेवली आणि दाराच्या जागी पत्रा लावला. चौथ्या दिवशी संडासाचं भांडं आलं, ते अजून खोक्यातच होतं, आणि दहा-बारा टाइल्स नमुन्यादाखल चिकटल्या, त्याही तिरक्या. पाचव्या दिवशी कुणी आलं नाही. सहाव्या दिवशी दुपारी होऊनजाईल एकटाच आला, आपली घमेली आणि ओळंबा उचलला आणि दुकानाच्या दारात उभा राहिला.

मावशी खाली बसून शाळेच्या गणवेशाची दुमड घालत होती. शाळा चार दिवसांवर आलेली. तोंडात टाचण्या.

"येतो, मावशी," तो म्हणाला.

"या," टाचण्यांच्या फटीतून मावशी म्हणाली.

तो गेला तो गेलाच.

पहिले आठ दिवस मावशीने धीर धरला. मग फोन. कधी त्याच्या गवंड्याला ताप, कधी टाइल्सची गाडी अडकलेली, कधी मेहुणा दवाखान्यात. महिन्याभरात त्या मेहुण्याची इतकी ऑपरेशनं झाली की मावशीला त्याच्याबद्दल खरंच वाईट वाटायला लागलं. मग फोन नुसताच वाजू लागला. मग तेही बंद. मागच्या खोलीत चर तसाच उघडा, नळाच्या तोंडात चिंधी कोंबलेली, सिमेंटची गोणी दगड झालेली. पत्र्याच्या फटीतून मांजर यायचं आणि नव्या भांड्याच्या खोक्यावर झोपायचं. त्या सगळ्या बांधकामाचा उपयोग झाला तो त्या एका मांजरालाच.

रविवारी दुकान बंद, म्हणून दर रविवारी मावशी सकाळच्या बसने लेकीकडे जायची. मास्तर खिडकीशी खुर्चीत बसलेले असायचे. ती त्यांची नखं कापायची, दाढी करायची, आणि आठवड्याभराची गाऱ्हाणी सांगायची. कुणाची पँट आखूड झाली, कुणी पोट वाढवून पुन्हा आलं. मास्तर "हो" म्हणायचे. होऊनजाईलचं नाव निघालं की "च्यायला" म्हणायचे, आणि ते इतकं स्वच्छ म्हणायचे की नातू अभ्यास सोडून हसायचा. चारला परतीची बस. मावशी टेप सारखा करून उठायची.

"येते हं."

"ये," मास्तर म्हणायचे.

सगळे म्हणतात तसंच. पण मावशी तो शब्द बसमध्ये मांडीवर घेऊन बसल्यासारखी घरी न्यायची. तीन शब्दांची सगळी पुंजी त्या माणसाची, त्यातला एक निरोपाचा. जिला 'ये' म्हणायचं तिचं घर दुसरीकडे, आणि म्हणणारा स्वतःच इथे पाहुणा.

दुसरा महिना सरला तेव्हा कोटाचं अस्तर उसवलं म्हणून वकीलबाई दुकानात आली. तिशीची पोर, काळा कोट, पायात खेळाडूंचे बूट. अस्तर बघता बघता तिची नजर मागे गेली. "मावशी, इथे भूकंप झाला का?"

मावशीने सगळं सांगितलं. सांगता सांगता अस्तर शिवून झालं, काखेतली उसवण झाली, आणि न सांगितलेलं एक बटणही पक्कं झालं. वकीलबाई कोट घालत म्हणाली, "ग्राहक न्यायालयात खेचू त्याला. तुमची केस सरळ आहे."

"कोर्ट नको गं बाई. मला भांडायचं नाही. मला माणूस घरी आणायचाय."

"त्यासाठीच तर. नोटीस गेली की निम्मे पळत येतात."

होऊनजाईल उरलेल्या निम्म्यांपैकी निघाला. नोटीस परत आली, दुसरी गेली, तक्रार दाखल झाली. वकीलबाईने खोलीचे फोटो काढले आणि जाताना बजावून सांगितलं, "मावशी, आता एक लक्षात ठेवायचं. इथे काही हलवायचं नाही. कोर्टाचा माणूस पाहणीला येईपर्यंत जैसे थे."

"म्हणजे?"

"म्हणजे आहे तसं. दुसरा गवंडी लावलात तर त्याचा वकील म्हणेल, काम झालेलंच होतं, बाईंनीच तोडफोड केली. हा राडा म्हणजे तुमचा पुरावा."

चार दिवसांपूर्वीच समोरच्या चष्मेवाल्याने एक म्हातारा गवंडी सुचवला होता. लागलीच काम धरतो म्हणाला होता. आता त्यालाही नाही म्हणायचं. राडा आवरला तर केस जाते, आणि राडा ठेवला तर मास्तर तिकडेच राहतात. न्याय मागायला गेली आणि मिळालं काय, तर राडा जपायचं काम. मग मावशीने तोही जपला. केर काढताना दगड झालेल्या गोणीच्या कडेकडेने झाडू फिरवायची. मांजराला दटावायची, "हे बघ, पुराव्यावर झोपतेस, उद्या साक्षीला बोलावतील."

तारखा पडू लागल्या. एका तारखेला ग्राहक न्यायालयाच्या अध्यक्षबाई रजेवर. एका तारखेला समोरचा वकील दुसऱ्या कोर्टात. मावशी दर वेळी दुकान बंद करून, डबा घेऊन, लाकडी बाकावर दिवसभर बसायची. रिकामे हात चालेनात म्हणून काजबटणाचं काम घेऊन जायची. शिपायाच्या शर्टाची कॉलर तिने तिथेच उलटवून दिली.

अखेर होऊनजाईलचा लेखी जबाब आला. वकीलबाईने तो दुकानात वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की, त्याने काम कधी सोडलंच नाही. जाताना 'येतो' असं स्पष्ट सांगितलं होतं. बाईंनी त्यावर 'या' असं म्हणून संमती दिली होती. त्यात दिवस किंवा मुदत ठरलेली नव्हती. त्यानंतर तो एका रविवारी काम सुरू करायला आला असता बाई दाराला कुलूप लावून निघून गेलेल्या होत्या. सबब अडवणूक बाईंनीच केली.

मावशीचं शिवणाचं मशीन थांबलं. "असं लिहिलंय? माझ्या 'या'ला धरून?"

"असंच."

"अगं, दारातून जाणाऱ्याला माणूस दुसरं काय म्हणणार? येऊ नका म्हणणार?"

"मावशी, तो रविवारी आला होता का खरंच?"

"मला काय ठाऊक? मी होते कुठे? रविवारी मी मास्तरांकडे असते हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आला असला तर ते माहीत असूनच आला."

वकीलबाई पेन चावत म्हणाली, "हे सिद्ध कसं करायचं, तेवढं सांगा."

साक्षीच्या आदल्या रविवारी मावशी लेकीकडे गेली. पाचवा महिना लागला होता. जावई अजूनही भलाच होता, पण नातू आता बैठकीत कोपऱ्यात अभ्यास करत होता, आणि लेकीच्या डोळ्यांखाली काळं आलेलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. गाऱ्हाणी सांगून झाली, एकदाही "हो" नाही. होऊनजाईलचं नाव काढलं, तरी नुसतं बघितलं. चार वाजले.

"येते हं," मावशी म्हणाली.

मास्तर काही बोलले नाहीत.

तिला वाटलं ऐकू गेलं नसेल. पुढे होऊन, त्यांच्या डाव्या हातावर हात ठेवून पुन्हा म्हणाली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ओळख होती नजरेत, राग नव्हता, पण शब्द नव्हता. लेक दारात आली आणि हळू म्हणाली, "गेला आठवडाभर काहीच बोलत नाहीत, आई. मी फोनवर सांगितलं नाही तुला."

बसमध्ये मावशीच्या मांडीवर त्या दिवशी काही नव्हतं.

साक्षीला उभी राहिली तेव्हा तिने टेप पिशवीत ठेवला होता, वकीलबाईनेच ठेवायला लावला होता. हात सारखा गळ्याशी जाऊन रिकामा परत येत होता. समोरचा वकील उंच, शिडशिडीत. मावशीने त्याच्या कोटाकडे पाहिलं. खांदा दीड इंच मोठा, तयार घेतलेला.

"बाई, शेवटच्या दिवशी निघताना माझे अशील तुम्हाला काय म्हणाले?"

"येतो म्हणाले."

"'जातो' म्हणाले नाहीत?"

"जातो कोण म्हणतं हो दारात उभं राहून? तुम्ही आज घरातून निघताना बायकोला काय म्हणालात?"

मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाई, विचारलं तेवढंच सांगा."

"बरं. येतो म्हणाले."

"त्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"या म्हणाले."

"म्हणजे ते परत येणार हे त्यांनी सांगितलं आणि तुम्ही मान्य केलं. अमुक दिवशीच या, असं म्हणालात?"

"तोंडात टाचण्या होत्या."

"काय होतं?" अध्यक्षबाईंनी मान वर केली.

"टाचण्या, बाई. सात. दुमड घालत होते. तोंडात टाचण्या धरून 'या' एवढंच म्हणता येतं. 'परवा सकाळी नऊला गवंडी घेऊन या' म्हणायला गेले असते तर दोन-चार पोटात गेल्या असत्या."

आता लोक उघड हसले. वकिलाने ते संपू दिलं. "एका रविवारी माझे अशील आले, तेव्हा तुमच्या दाराला कुलूप होतं. खरं?"

"रविवारी मी मास्तरांकडे जाते. म्हणजे माझ्या मालकांकडे. तुमच्या अशिलांना ठाऊक होतं ते."

"कुलूप होतं की नव्हतं?"

"होतं."

वकीलबाईने कागदात डोकं घातलं. समोरचा वकील खूश झाला. "आता शेवटचं. तुमचा धंदा शिवणाचा. 'उद्या या', 'परवा या' असं तुम्ही कधी गिऱ्हाइकाला म्हणाला आहात का?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. बाकावर बसलेल्या शिपायाची पँटच दोन आठवडे तिच्याकडे पडून होती.

"हजारदा," ती म्हणाली.

"वा. मग तुमच्या धंद्यात जे चालतं..."

"पण ते कापड बेतायच्या आधी," मावशी म्हणाली. "माझी फडताळं भरलीत न कापलेल्या कापडांनी, नाही कशाला म्हणू? पण कात्री लागली की लागली. बेतलेलं कापड गिऱ्हाइकाचंही राहत नाही आणि अंगातही घालता येत नाही. त्यानंतर 'परवा या' म्हटलं तर मास्तर मला दुकानात बसू द्यायचे नाहीत. ह्यांनी माझ्या घराला कात्री लावली आणि मग येतो म्हणाले. येतो म्हणून गेलेला माणूस दारात उभा राहून 'आलो' म्हणतो ना बाई, तेव्हा त्या 'येतो'चा 'येतो' होतो. तोवर तो 'जातो'च."

टाइप करणारा थांबला. अध्यक्षबाईंकडे बघून म्हणाला, "हे कसं घेऊ?"

"त्या म्हणाल्या तसं घ्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत, पण पाण्याचा पेला उचलून उगीचच जरा वेळ तोंडाशी धरला.

तेवढ्यात होऊनजाईल स्वतःच उठून उभा राहिला. तोच इस्त्रीचा शर्ट. हात जोडून म्हणाला, "बाई, मला वाद नकोच आहे. मावशी मला आईसारख्या. मी आजही काम पूर्ण करून देतो. पंधरा दिवसांत होऊन जाईल. लिहून देतो. त्यांनी तक्रार मागे घ्यावी."

सगळी खोली मावशीकडे बघू लागली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बघा बाई. हे मान्य केलं तर आज विषय संपतो. नाहीतर पाहणीसाठी इंजिनियर नेमावा लागेल, त्याचा अहवाल, मग पुढची तारीख. वेळ लागेल. तुमचं काय म्हणणं?"

वेळ लागेल. मावशीच्या डोळ्यांसमोर ती खिडकी आली आणि न बोललेला तो माणूस. पंधरा दिवस. खरंच पंधरा दिवसांत झालं तर? खरंच झालं तर पुढच्याच्या पुढच्या रविवारी बसने जायला नको. हो म्हणायला एवढंसं तोंड उघडायचं होतं, आणि ते उघडलंही होतं. मग तिने पिशवीत हात घातला. टेप बोटांना लागला.

"मी ह्यांना एक विचारू का?"

"विचारा."

"तुम्ही दार किती इंचाचं करणार?"

"स्टँडर्ड असतं मावशी."

"किती?"

"अठ्ठावीस... तीस करू. मोठ्यात मोठं. होऊन जाईल."

"खुर्ची सव्वीसची आहे," मावशी म्हणाली, आता त्याच्याकडे न बघता. "मास्तरांचा उजवा हात त्यांना आवरत नाही. कोपर चार इंच बाहेर येतो. आत-बाहेर करताना खुर्ची थोडी तिरकी होतेच. तिसात रोज कोपर सोलून निघेल, आणि दुखलं हे सांगायला त्यांच्याकडे शब्द नाही. चौतीस पाहिजे. ह्यांनी खुर्ची पाहिली नाही, माणूस पाहिला नाही, पेन्सिल कानावरून खाली घेतली नाही. माप घेतलंच नव्हतं, बाई. मी समोर उभी होते, मला दिसलं, आणि मी बोलले नाही. ती चूक माझी, तीही लिहून घ्या. पण ज्याने एकदा मापाशिवाय कापलं त्याच्या हातात मी दुसऱ्यांदा कापड देणार नाही."

होऊनजाईलचा हात कानावर गेला. पेन्सिल तिथेच होती.

अध्यक्षबाईंनी बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं. इंजिनियरने आठ दिवसांत पाहणी करावी, पाहणी झाल्यावर बाईंना काम दुसऱ्याकडून करून घ्यायला मोकळीक, आणि केस पुढे चालू.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाली, "मावशी, तुम्ही केस जिंकायला घेतलीत की बुडवलीत, मला अजून कळलेलं नाही."

"मला कुठे कळलंय," मावशी म्हणाली आणि पायरीवर बसून तिने गळ्यात टेप घातला.

आठ दिवसांची पाहणी बाविसाव्या दिवशी झाली. इंजिनियर लाल उजेडाचं यंत्र भिंतीवर मारून मापं घेत होता, आणि मावशी मागोमाग टेप लावून तीच मापं घेत होती. एका ठिकाणी अर्ध्या इंचाचा फरक आला. इंजिनियरने पुन्हा घेतलं आणि मुकाट्याने आपला आकडा खोडला. मधल्या तिन्ही रविवारी मावशी "येते" म्हणत राहिली आणि मास्तर खिडकीकडे बघत राहिले.

मग तो म्हातारा गवंडी आला. आल्या आल्या म्हणाला, "खुर्ची कुठाय?" खुर्ची लेकीकडे आहे म्हटल्यावर पुढच्या रविवारी तो मावशीबरोबर बसमध्ये चढला. मास्तरांसमोर उकिडवा बसला, त्यांचा कोपर बाहेर कसा येतो ते हाताने धरून पाहिलं, आणि सुतळीला गाठी मारून मापं खिशात घातली. मावशीने ते पाहिलं आणि पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं. तरी कानाला खडा लावलेला होताच. संध्याकाळी काम आटपून म्हातारा म्हणायचा, "येतो, बाई." मावशी मशीन थांबवून, तोंडातल्या टाचण्या हातावर काढून विचारायची, "कधी?" म्हातारा म्हणायचा, "उद्या नवाला." आणि पावणेनऊला हजर व्हायचा. तो रोज किती वाजता येतो याची तिने वही ठेवली होती, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मास्तर घरी आले तेव्हा त्यांना जाऊन साडेसहा महिने झाले होते. खुर्ची उतारावरून चढली, दारातून आत गेली, आणि उजव्या कोपराच्या बाजूला दोन बोटं जागा राहिली. चष्मेवाल्याने टाळ्या वाजवल्या. लेक रडली. मास्तरांनी न्हाणीघर पाहिलं, टाइल्स पाहिल्या, कटिंगचं टेबल पाहिलं, आणि पाहुण्याच्या घरी बसावं तसे बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशीही. खिडकी शोधत असल्यासारखी मान वळायची. मावशीने त्यांच्या डाव्या हातात खडू दिला, तो त्यांनी धरला, आणि धरूनच ठेवला. कोर्टाने हुकूम केला तर भिंती मिळतात. मधले सहा महिने कुणाकडे मागायचे, हे वकीलबाईला विचारावं असं मावशीच्या मनात आलं होतं. विचारलं नाही.

नवव्या दिवशी तारीख होती. चष्मेवाल्याची बायको मास्तरांजवळ बसायला आली. मावशी फाइल काखेत घेऊन दारात उभी राहिली.

"येते हं."

मास्तर खडूकडे बघत होते.

कोर्टात समोरच्या वकिलाने पुन्हा मुदत मागितली, आणि ती मिळाली. दहा मिनिटांचं काम. बाहेर व्हरांड्यात होऊनजाईलने गाठलंच. "मावशी, कशाला ताणताय? तुमचं काम तर झालं आता. मिटवून टाकू. होऊन जाईल."

"माझं काम म्हाताऱ्या गवंड्याने केलं," मावशी म्हणाली. "तुमचं कोर्ट करेल. घाई नाही."

तो कसनुसा हसला. पायऱ्या उतरता उतरता सवयीने म्हणाला, "बरं, येतो मावशी."

मावशीच्या तोंडात टाचण्या नव्हत्या.

"जा," ती म्हणाली.

तो दोन पायऱ्यांवर थबकला. वकीलबाईने तोंडावर फाइल धरली. साठ वर्षांत मावशीने कुणाच्या 'येतो'ला असं उत्तर दिलं नव्हतं, आणि घरी पोचेपर्यंत तिला त्याची थोडी लाजही वाटत राहिली. थोडीच.

दुपारचे दोन वाजले होते. बस नाही, दोन तासांचा रस्ता नाही, कोपऱ्यावरून वळलं की घर. चष्मेवाल्याची बायको दारातच भेटली आणि कुजबुजली, "सकाळपासून खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसलेत. जेवायलाही वळले नाहीत."

मावशीने चपला काढल्या. फाइल मशीनवर ठेवली. इतक्या महिन्यांत स्वतःच्या घरात शिरताना मास्तरांना एकदाही म्हणायला मिळाला नव्हता तो शब्द तिने म्हटला.

"आले."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. तोंड हललं, एकदा, दोनदा. डाव्या हातातला खडू खाली पडला आणि फरशीवर फुटला.

"ये," मास्तर म्हणाले.